धावपट्ट्या मोजू नका, फेऱ्या मोजा : महाराष्ट्राच्या विमानतळांचा उपेक्षित इतिहास

१/ गेले काही दिवस महाराष्ट्राचा एक नकाशा समाजमाध्यमांवर फिरतो आहे. राज्यभर विमानांची छोटी चिन्हे आणि खाली अभिमानाची ओळ : ‘बघा, आपल्या महाराष्ट्रात किती विमानतळ!’ त्याखाली नेहमीचा वाद. हा विमानतळ अमुक नेत्याने आणला, तो तमुक नेत्याने अडवला. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हा नकाशा आणि हा वाद, दोन्ही मान्य नाहीत. का, ते या थ्रेडमध्ये सविस्तर.

२/ माझे म्हणणे आधीच स्पष्ट करते. महाराष्ट्राचा विमानतळांचा नकाशा विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण यांच्या गरजा ओळखून कुणी आखलेला नाही. तो टपाल, संस्थाने आणि युद्ध यांनी मागे ठेवलेला वारसा आहे. १९६० नंतर आपण त्या वारशात धावपट्ट्यांची भर घातली आणि धावपट्टीलाच विमानसेवा म्हणू लागलो. प्रादेशिक अन्यायाची चर्चा करताना आपण आजही चुकीची गोष्ट मोजत आहोत.

३/ आरंभ टपालापासून. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून एक छोटे ‘पुस मॉथ’ विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. सोबत प्रवासी नव्हते, सुमारे २५ किलो पत्रे होती. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रास गाठले. कराची ते मद्रास या टपालरेषेवर मुंबई होती. नागपूर, औरंगाबाद, सोलापूर ही नावे त्या रेषेवर नव्हती.

४/ जुहूची धावपट्टी समुद्रालगतच्या सखल, चिखलट जमिनीवर होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग टाटांची मंडळी सारा संसार आवरून पुण्यात येत आणि येरवडा कारागृहालगतच्या एका मोकळ्या मैदानातून विमाने उडवीत. पुण्याच्या नागरी उड्डाणाचा हा प्रारंभ पुण्याच्या गरजेतून झाला नव्हता. मुंबईचा पाऊस टाळण्यासाठी पुणे हवे होते. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

५/ दुसरा वारसा संस्थानांचा. कोल्हापूरची धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास तयार झाली. ब्रिटिश मुंबई इलाख्याच्या योजनेत नसलेली गोष्ट एका संस्थानाने स्वतःच्या बळावर केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे हवाई केंद्र होते हैदराबादेतील बेगमपेठ. १९४५ मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतून ‘डेक्कन एअरवेज’ उभी राहिली. मराठवाड्याचे आकाश मुंबईशी नव्हे, हैदराबादेशी जोडलेले होते.

६/ तिसरा आणि सर्वांत मोठा वारसा युद्धाचा. पुण्याचे लोहगाव १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारले गेले. सांताक्रूझ हा ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. युद्धानंतर त्या दलाच्या जुन्या हँगरांचे रूपांतर नागरी प्रवाशांच्या टर्मिनलमध्ये झाले. नागपूरचे सोनेगाव युद्धकाळात विमानांच्या मुक्कामाचे ठिकाण बनले. गोंदियाची बिरसी आणि अकोल्याची शिवणी या धावपट्ट्याही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या.

७/ आता तो फिरता नकाशा पुन्हा पाहा. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, गोंदिया, अकोला. ज्या जागांसाठी आज नेत्यांच्या समर्थकांत श्रेयाची लढाई चालते, त्यांतील कितीतरी जागा स्वातंत्र्यापूर्वीच ठरून गेल्या होत्या. नंतरच्या नेत्यांनी टर्मिनल बांधले असेल, धावपट्टी लांबवली असेल, फीत कापली असेल. त्याचे श्रेय त्यांना द्यावे. पण ‘आमच्या साहेबांनी विमानतळ आणला’ या वाक्याला इतिहास म्हणता येणार नाही.

८/ स्वतंत्र भारतातील एक सुंदर प्रसंग मात्र नागपूरचा आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून चार विमाने रात्री निघत व मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत. धावपट्टीवर पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. संध्याकाळी मद्रासेत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोचण्याची सोय नागपूरमुळे झाली.

९/ नागपूर देशाच्या मध्यावर आहे, म्हणून हे शक्य झाले. पण यातील विसंगती पाहा. नागपूर चार महानगरांच्या पत्रव्यवहाराचा मध्य होते. चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती यांच्या प्रवासाचा मध्य झाले नाही. रात्री येणारी विमाने त्या प्रदेशासाठी येत नव्हती. अर्ध्या शतकानंतर ‘मिहान’ प्रकल्प मांडला गेला, तेव्हाही मुख्य युक्तिवाद हाच होता : नागपूर मध्यावर आहे. मध्यावर असणे हे भूगोलाचे दान आहे. त्या मध्याचा लाभ कुणाला, हा प्रश्न धोरणाचा आहे.

१०/ आता १९५३ कडे या. माझ्या मते महाराष्ट्राच्या हवाई इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वर्ष आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ देशांतर्गत कंपन्या विलीन होऊन ‘इंडियन एअरलाइन्स’ जन्मली. त्यांत ‘डेक्कन एअरवेज’ही होती. कोणते विमान कुठे जाणार, हे आता दिल्लीत ठरणार होते.

११/ त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख आदी नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा एकत्र आले तर निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल, मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिले जाईल, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होईल, अशी आश्वासने त्यात होती.

१२/ हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचा. एकाने प्रदेशांना जमिनीवर समतेचे वचन दिले. दुसऱ्याने त्याच सुमारास आकाश राज्याच्या कक्षेबाहेर कायम केले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमानमार्ग आणि विमानतळ हे विषय संघसूचीत आहेत. त्यामुळे नागपूर करार कितीही प्रामाणिकपणे पाळला गेला असता, तरी नांदेड किंवा अमरावतीच्या विमानफेरीवर त्याचा अधिकार चालला नसता.

१३/ मग राज्याच्या हाती काय उरले? जमीन, डांबर आणि सार्वजनिक बांधकाम खाते. म्हणून महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत खात्याने धावपट्ट्या बांधल्या. नांदेडची १९५८ ची, लातूरची १९९१ ची, अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची १९९२ ची. मंत्र्यांचे विमान उतरे, निवडणुकीत हेलिकॉप्टर उतरे. तिकीट काढून चढता येईल असे विमान मात्र क्वचितच येई. धावपट्टी राज्याची आणि विमान केंद्राचे, या विभागणीतून आपली आजची गफलत जन्माला आली.

१४/ गफलत किती खोल आहे? १९८३ मध्ये राज्याने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीने सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील अनुशेष मोजला आणि तो सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा ठरवला. प्रादेशिक असमतोलावर आकड्यांत बोलण्याची शिस्त आपल्याला या अहवालाने लावली. विमानसेवा त्या मोजमापात नव्हती.

१५/ याबद्दल दांडेकर समितीला दोष देण्याचे कारण नाही. १९८४ मध्ये विहिरीला वीज नसलेल्या शेतकऱ्यापुढे विमानाचा अनुशेष मांडणे हास्यास्पदच ठरले असते. दोष नंतरच्यांचा. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१ (२) नुसार वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. या काळात देशातील विमानप्रवास अनेक पटींनी वाढला. तरीही सेवेचा अनुशेष मोजण्याची सवय आपण या क्षेत्रात लावून घेतली नाही.

१६/ सरकारी विमानसेवेच्या काळात मराठवाड्याला काय मिळाले? औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेही मुख्यतः अजिंठा-वेरुळसाठी. दिल्ली–जयपूर–उदयपूर–औरंगाबाद–मुंबई या मार्गाकडे पाहिले की तो कुणासाठी आखला होता, हे सांगावे लागत नाही. राजवाडे आणि लेणी पाहणाऱ्या पर्यटकांचा तो मार्ग होता. जालना, बीड, परभणी यांचे प्रवासी कुठे जातात, याचा विचार त्यात शोधूनही सापडत नाही.

१७/ २६ एप्रिल १९९३ रोजी याच मार्गावरचे विमान चिकलठाण्याहून मुंबईकडे उडताना धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरच्या ट्रकला धडकले. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. मला या दुर्घटनेचे प्रतीक करायचे नाही. त्या ५५ घरांसाठी ती फक्त दुर्घटनाच आहे. पण पर्यटकांचा विमानमार्ग आणि मराठवाड्याचा कापूस त्या विमानतळाच्या कडेला इतके जवळ नांदत होते, एवढी नोंद इतिहासाने ठेवावी.

१८/ १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारी संपली. खासगी कंपन्यांनी फक्त नफ्याचे मार्ग उडवू नयेत, म्हणून केंद्राने मार्गविभागणीचे नियम केले. ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप यांसाठी विशेष वर्ग ठेवला. ते योग्यच होते. परंतु श्रीमंत राज्यातील मागास प्रदेश ही कल्पना त्या नियमांत बसत नव्हती. मुंबईच्या श्रीमंतीमुळे सारा महाराष्ट्र श्रीमंत ठरला. सरासरी अशीच फसवते.

१९/ पुढचा अध्याय २००९ चा. राज्याने नांदेड, लातूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), यवतमाळ आणि बारामती येथील पाच विमानतळ एका खासगी समूहाच्या कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिले. हेतू असा की खासगी भांडवल येईल आणि सेवा वाढेल. आज, मी हे लिहीत असताना, या पाचांपैकी नियमित प्रवासी विमानसेवा एकट्या नांदेडला आहे. नकाशावर मात्र पाचही चिन्हे झळकतात.

२०/ आता ‘उडान’ योजना. पद्धत थोडक्यात अशी : ठरावीक आसनांचे भाडे मर्यादित ठेवायचे, साधारण तासाभराच्या प्रवासासाठी आरंभी २,५०० रुपये. कंपनीला होणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून काढायची. त्या काळात त्या मार्गावर तिचाच हक्क. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी या योजनेतील पहिल्या उड्डाणांना हिरवा झेंडा दाखवला. शिमला–दिल्ली, कडप्पा–हैदराबाद आणि तिसरे होते नांदेड–हैदराबाद.

२१/ नांदेड–हैदराबाद! १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. जवळजवळ सात दशकांनी नांदेडचे ‘उडान’ सुरू झाले ते पुन्हा हैदराबादेच्या दिशेने. यात निजामाचे प्रेम शोधू नका. नांदेडच्या माणसाला दवाखाना, शिक्षण, बाजार यांसाठी हैदराबाद जवळचे आहे. राज्याची सीमा बदलली, राजधानी बदलली, पायवाट बदलली नाही. पुढे नांदेड अमृतसरशी जोडले गेले, कारण तिथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे.

२२/ हे एकटे उदाहरण नाही. गोंदियाच्या बिरसीहून मार्च २०२२ मध्ये नियमित प्रवासी सेवा सुरू झाली, ती इंदूर आणि हैदराबादसाठी. मुंबईसाठी नव्हे. कोल्हापूरहून दीर्घ खंडानंतर २०१८ मध्ये विमाने उडू लागली आणि मुंबईबरोबर हैदराबाद, बंगळूर, पुढे तिरुपती असे मार्ग आले. करवीरचा भाविक बालाजीला जातो आणि कोल्हापूरचा तरुण बंगळुरात नोकरी करतो, हे त्या मार्गांनी मान्य केले.

२३/ या थ्रेडमधील माझा मुख्य निष्कर्ष इथे आहे. प्रदेशांना स्वतःची दिशा निवडता आली, तेव्हा सर्वांनी मुंबईकडे तोंड केले नाही. प्रत्येक प्रदेशाचा स्वतःचा जुना भूगोल आहे. राज्याचा विमान-विचार मात्र आजही एका गृहीतकावर उभा आहे : जिल्हा ते मुंबई. राजधानीला जोडणे महत्त्वाचे आहेच. पण तेवढेच केले, तर तो विमानतळ त्या प्रदेशाचा न राहता मुंबईचा दूरचा दरवाजा बनतो.

२४/ आणि तो दरवाजाही अरुंद आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मुक्तपणे वाहतूक चालत नाही. तिथली उतरण्या-उडण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, ही दुर्मीळ वस्तू आहे. दिल्ली किंवा बंगळूरचे मोठे विमान आणि अमरावतीचे सत्तर आसनांचे छोटे विमान एकाच स्लॉटसाठी उभे राहिले, तर कंपनी कुणाला निवडेल? म्हणून छोट्या शहरांच्या वाट्याला अडनिड्या वेळा येतात, आणि अडनिड्या वेळेच्या विमानाला प्रवासी मिळत नाहीत.

२५/ नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. आता स्लॉटचे निमित्त पूर्वीसारखे पुरणार नाही. या नव्या जागेतील सकाळ-संध्याकाळच्या किती वेळा राज्यातील छोट्या शहरांसाठी राखल्या जाणार? खरी प्रादेशिक लढाई या एका प्रश्नावर व्हायला हवी. ती होताना दिसत नाही, कारण स्लॉटचे उद्घाटन होत नाही आणि त्यावर कोनशिला बसवता येत नाही.

२६/ तूट भरून काढण्याची तीन वर्षे संपली की काय होते? सिंधुदुर्ग पाहा. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. चाकरमानी गणपतीला विमानाने येणार, असा आनंद होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षे पुरी झाली आणि मुंबईची ती सेवा थांबली. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये शेजारी गोव्यात मोपा विमानतळ सुरू झाला होता. सावंतवाडीचा माणूस तिकडे वळला. आकाशाला राज्याची सीमा दिसत नाही. आपल्या नियोजनाला फक्त तीच दिसते.

२७/ सोलापूरची कथा अधिक कडू आहे. तिथे विमानसेवेच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ऊसउत्पादक सभासद आणि विमानसेवा मागणारे शहर एकमेकांसमोर उभे राहिले. चिमणी एका दिवसात पडली. विमान यायला जून २०२५ उजाडले, तेही प्रथम गोव्याचे. मुंबईची सेवा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आली. चिमणी पाडावी की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण बलिदानाची तारीख निश्चित आणि सेवेची अनिश्चित, हा न्याय नव्हे.

२८/ जमिनीचेही तेच. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. २०२५ मध्ये पुरंदरमधील सात गावांनी विमानतळाच्या भूसंपादनाला विरोध केला. अंजीर आणि सीताफळाची ती जमीन. पुण्याला स्वतंत्र विमानतळ हवा, कारण लोहगावची धावपट्टी आजही हवाई दलाची आहे. १९३९ च्या निर्णयाची किंमत आजच्या शेतकऱ्याकडे मागितली जाते आहे.

२९/ आता आक्षेप. पहिला : ‘विमान श्रीमंतांचे, आधी एसटी सुधारा.’ एसटी सुधारायलाच हवी. मी लातूर जिल्ह्यातली आहे. आमच्या घरातील एका वृद्ध बाईंना तपासणीसाठी मुंबईला न्यावे लागे. रात्रीच्या रेल्वेने जायचे, अर्धा तास डॉक्टरांना भेटायचे, दिवसभर कुठेतरी बसून काढायचे आणि पुन्हा रात्रीच्या रेल्वेने परतायचे. दोन रात्री, एक दिवस आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. विमान ही चैन आहे असे मुंबईत राहणाऱ्याने म्हणणे सोपे आहे. त्याच्यासाठी डॉक्टर लोकलच्या अंतरावर असतो.

३०/ दुसरा आक्षेप : ‘बाजार ठरवेल. प्रवासी असतील तिथे विमान जाईल.’ सांताक्रूझ, लोहगाव, सोनेगाव यांपैकी एकही जागा बाजाराने ठरवली नव्हती. सरकारी आणि लष्करी पैशाने त्या उभ्या राहिल्या. त्यांच्याभोवती उद्योग आले, उद्योगांमुळे प्रवासी आले. ऐंशी-नव्वद वर्षे सार्वजनिक पैशाची सावली मिळालेल्या शहराने दुसऱ्या शहराला उन्हात उभे करून ‘स्पर्धा कर’ म्हणावे, याला बाजार म्हणत नाहीत.

३१/ तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या मित्रांचा : ‘मग प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ द्या.’ याला माझा स्पष्ट विरोध आहे. लातूर, धाराशिव, नांदेड या तीन शेजाऱ्यांनी तीन ओस धावपट्ट्यांचा अभिमान बाळगण्यापेक्षा एका विमानतळावर रोज विश्वासाने येणारी विमाने आणि तिथवर जाणारी वेळेवरची एसटी अधिक मोलाची. माझ्या जिल्ह्याचे चिन्ह नकाशावरून पुसले गेले तरी चालेल. हे लिहिल्यावर गावाकडून शिव्या येतील, याची कल्पना आहे.

३२/ मग मोजायचे काय? प्रत्येक प्रदेशाबाबत पाच प्रश्न विचारा. आठवड्याला नियमित फेऱ्या किती? सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येता येते का? मुंबईखेरीज कोणत्या शहरांशी जोडणी आहे? सरकारी तूटभरपाई संपल्यानंतर सेवा टिकली का? आणि शेजारच्या जिल्ह्यातून विमानतळावर पोचायला सार्वजनिक वाहन आहे का? ही माहिती दरवर्षी प्रदेशनिहाय विधिमंडळात मांडली जावी. दांडेकरांनी अनुशेष मोजला, त्या परंपरेचा हा नैसर्गिक पुढचा टप्पा आहे.

३३/ शिर्डीचे उदाहरण काहीजण यशोगाथा म्हणून देतील. १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला तो विमानतळ खरोखर गजबजला. पण तिथे उतरणारा भाविक दक्षिणेतून, दिल्लीतून येतो, दर्शन घेतो आणि परततो. भाविकांची सोय झाली, हे चांगलेच झाले. अहिल्यानगरच्या दुष्काळी तालुक्यांची सोय किती झाली, हे माझे पाच प्रश्न विचारल्याशिवाय कळणार नाही. गर्दी आणि प्रादेशिक सेवा यांना एकच समजू नये.

३४/ नव्या मित्रांसाठी शेवटचे. इतिहास शिकताना आपण किल्ले मोजतो, तेव्हा बुरूज किती एवढेच विचारत नाही. तिथून कोणत्या घाटवाटेवर नजर राहत होती, पाणी कुठे होते, शिबंदी किती होती, हे विचारतो. शिबंदीविना बुरूज म्हणजे दगडांचा ढीग, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. विमानतळाकडेही त्याच नजरेने पाहा.

३५/ पुढच्या वेळी तो नकाशा तुमच्यापर्यंत आला, तर प्रत्येक चिन्हाखाली विचारा : इथून उद्या सकाळी विमान आहे का, आणि ते कुठे जाते? तुमच्या जिल्ह्याचे उत्तर खाली लिहा. मूळ वेळापत्रक पाहून लिहा, ऐकीव नको. लातूरपासून सुरुवात मी करते : धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. थ्रेड समाप्त.